मीपण आणि अवधान : आलापल्लीच्या वनाच्या संदर्भात एक विचार

‘अहंकार’ हा शब्द आजच्या मराठीत बहुधा ‘गर्व’ या एकाच अर्थाने वापरला जातो. त्यामुळे संतसाहित्याच्या अध्यापनात एक गोंधळ वारंवार होतो. अहंकाराचा विचार नम्रतेच्या उपदेशापुरताच मानला जातो आणि तेवढे सांगून झाले की विषय संपतो. मूळ विचार याहून निराळा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात अहंकाराची गणना ‘क्षेत्रा’त, म्हणजे महाभूते, बुद्धी, इंद्रिये यांच्याच पंक्तीत केलेली आहे; जाणणारा ‘क्षेत्रज्ञ’ त्याहून वेगळा. गर्व हा दोष असल्याने तो टाकता येतो. अहंकार ही देहमनाच्या घडणीतीलच एक बाब असल्याने ती प्रथम ओळखावी लागते. फ्रॉइडने १९२३ मध्ये मनाच्या रचनेची जी मांडणी केली, तीत त्याने या घटकाला जर्मन भाषेत नुसते ‘मी’ म्हटले होते. ‘ईगो’ हा लॅटिन शब्द इंग्रजी अनुवादातून रूढ झाला. मराठीतील ‘मीपण’ हा शब्द त्या मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे. दोन विचारपद्धतींतील साम्य मात्र येथेच थांबते.

याच तेराव्या अध्यायात ‘अनहंकार’ हे ज्ञानाचे लक्षण म्हणूनही येते. जे क्षेत्राचे अंग आहे त्याचा अभाव कसा संभवावा, असा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर ज्ञानेश्वरांच्या सिद्धान्तकथनापेक्षा त्यांच्या चित्रांत अधिक स्पष्टपणे सापडते. अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वर एका माणसाची चाल वर्णितात. पाण्यात पाऊल टाकणारा बगळा किंवा कमळावर उतरणारा भ्रमर जसा समोरच्या नाजूकपणाला जपतो, तसा हा माणूस पायाखालच्या जीवांना जपत चालतो. येथे ‘मी’ नाहीसा झालेला नाही. पाऊल कुणाचे तरी आहेच. परंतु लक्ष त्या ‘मी’वर नसून पाऊल जेथे पडणार आहे त्या जागेवर आहे. ज्ञानेश्वरांचा याविषयीचा आवडता शब्द ‘अवधान’ हा आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे तेवढेच मागतात. वर्तमानात जगणे या आज फार बोलल्या जाणाऱ्या कल्पनेला मराठीत इतका नेमका शब्द असताना तो कीर्तनाच्या आणि लग्नमंडपाच्या ‘सावधान’पुरता उरावा, हे खेदाचे आहे. मीपण कालच्या अपमानावर व उद्याच्या मानावर पोसले जाते. अवधानाला मात्र समोरचा क्षणच लागतो.

हे अवधान ग्रंथाबाहेर कसे असते, ते गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या वनात पाहता येते. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ‘वनवैभव’ नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा लागतो. १९५३ पासून तो राखून ठेवण्यात आला आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सागाची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. वाळलेल्या पानांवर चालणाऱ्याला सर्वाधिक ऐकू येतो तो स्वतःच्याच पावलांचा आवाज, आणि त्या आवाजाने भोवतालचे पुष्कळ काही गप्प होते. ते पुन्हा बोलते व्हावे यासाठी माणसाला थांबावे लागते, आणि थांबून काही काळ काहीही न करता उभे राहावे लागते. मीपणाविषयी पानोपानी जे सांगितले जाते ते येथे पायांना कळते.

मराठी अरण्यलेखनाचा विचार या बाजूने अद्याप पुरेसा झालेला नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे ‘रानवाटा’ वाचताना निवेदक सर्वत्र असतो, परंतु वाक्याचा कर्ता बहुधा पक्षी, पाणवठा किंवा झाड असते. हा केवळ शैलीचा गुण नव्हे. वनखात्यात साडेतीन दशके काढलेल्या चितमपल्लींनी पक्ष्यांची नावे आदिवासींकडून व मासेमारांकडून समजून घेतली. जाणकार आपण नसून समोरचा आहे, हे मान्य केल्यावाचून असे शब्दसंग्रह होत नाहीत. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र मात्र वेगळ्या कसोटीला उतरावे लागते, कारण आत्मचरित्र हा मुळातच ‘मी’चा प्रकार. चकवा लागलेला माणूस एकाच जागेभोवती फिरत राहतो, असा लोकसमज आहे. स्वसमर्थनात गुंतलेली कितीतरी मराठी आत्मचरित्रे अशीच फिरताना दिसतात.

येथे एक आक्षेप टाळता येणार नाही. ज्याचा ‘मी’ समाजाने कधी मान्यच केला नाही, त्याला मीपण सोडण्याचा उपदेश कोणत्या अधिकाराने करायचा? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) निवेदक दगडू आणि दया पवार अशा दोघांत विभागला जातो. हा अहंकाराचा फुगवटा नसून, मोडलेल्या ‘मी’ची जुळणी आहे. अनहंकार हा ज्याच्याजवळ ‘मी’ आहे त्याच्यापुढचाच प्रश्न असतो. उपदेशकांना याचा विसर पडतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतील भेद याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही, आलापल्लीपासून दूर नसलेल्या तेलुगू मुलखात तो ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आढळतो. ऐकणाऱ्याला वगळणारे ते ‘आम्ही’, सामावून घेणारे ते ‘आपण’. आणि ‘आपण’ची व्युत्पत्ती ‘आत्मन्’कडे जाते. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. २००९ मध्ये त्याला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. शासनाच्या संदर्भातील त्याचे ‘आम्ही’ ठाम आहे. गावसभेतील रीत मात्र निराळी. तेथे निर्णय बहुमताने होत नाही. तो सर्वसहमतीने होतो. कुणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीसाठी ठेवला जातो आणि त्या विरोध करणाऱ्याचे म्हणणे पुन्हा ऐकून घेतले जाते.