राष्ट्राध्यक्षाला तुरुंगात पोहोचवणारा आयोग ग्वाटेमालाने बंद का केला?

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालामधलं ३६ वर्षांचं गृहयुद्ध १९९६ मध्ये संपलं, पण त्या काळात तयार झालेल्या छुप्या टोळ्या संपल्या नाहीत. माजी लष्करी अधिकारी, तस्कर आणि राजकारणी यांचं साटंलोटं इतकं घट्ट होतं की बड्यांवर खटलाच उभा राहत नव्हता.

शेवटी सरकारनेच संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. डिसेंबर २००६ मध्ये करार झाला आणि २००७ मध्ये 'सिसिग' हा आयोग कामाला लागला.

यात वेगळं काय होतं?

परदेशी न्यायाधीश आणले नाहीत. कोर्ट ग्वाटेमालाचं, कायदाही तिथलाच. सिसिगचे तपास अधिकारी स्थानिक सरकारी वकिलांसोबत बसून पुरावे गोळा करायचे. फोन टॅपिंग कसं वापरायचं, पैशांचा माग कसा काढायचा, हे शिकवायचे. खर्च इतर देशांच्या देणग्यांतून चालायचा.

मोठा मासा गळाला लागला

एप्रिल २०१५ मध्ये कस्टम्स घोटाळा उघड झाला. लाच घेऊन आयातदारांचा कर कमी केला जात होता. लोक दर शनिवारी राजधानीच्या चौकात जमू लागले. मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांनी, तर सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांनी राजीनामा दिला. २०२२ मध्ये दोघांनाही १६ वर्षांची शिक्षा झाली.

मग माशी कुठे शिंकली?

आयोगाची मुदत दर दोन वर्षांनी वाढवावी लागायची आणि ती वाढवायची की नाही, हे राष्ट्राध्यक्षांच्या हातात होतं. नवे राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस भ्रष्टाचारविरोधी घोषणा देऊन जिंकले होते. पण त्यांच्याच पक्षाच्या निवडणूक निधीची चौकशी सुरू झाली आणि वारं फिरलं. मुदतवाढ नाकारली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये सिसिगला टाळं लागलं. पुढे त्याच्यासोबत काम केलेल्या अनेक न्यायाधीशांना आणि सरकारी वकिलांना देश सोडावा लागला.

म्हणजे सगळं पाण्यात गेलं?

तसंही नाही. २०२३ मध्ये बर्नार्दो आरेव्हालो निवडून आले, तेव्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच निकालात खोडा घालायचा प्रयत्न केला. आदिवासी संघटनांच्या नेतृत्वाखाली लोकांनी रस्ते अडवले. जानेवारी २०२४ मध्ये आरेव्हालो यांनी शपथ घेतली.

तपास कसा करायचा, हे बाहेरचे शिकवू शकतात. तपास करणाऱ्यांच्या पाठीशी मात्र देशातल्याच लोकांना उभं राहावं लागतं.