फूड लायसन्स: कागद सोपा, पाणी अवघड

सकाळची लोकल गाठणाऱ्या नोकरदारांच्या गरजेतून ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमध्ये पोळी-भाजी केंद्रं उभी राहिली. डबे, दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातलं वाळवण, मसाले, उकडीचे मोदक यांतलं कितीतरी आजही घरच्या ओट्यावर, बायकांच्या कष्टातून तयार होतं. याच घरांमध्ये ‘फूड लायसन्स’विषयी सगळ्यात जास्त चुकीच्या समजुती आहेत. त्यापायी कुणी विनाकारण घाबरतं, तर कुणी विनाकारण निर्धास्त राहतं.

‘घरातूनच करते, मला कशाला लागतंय?’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाची व्याख्या फार रुंद आहे. नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सार्वजनिक, अन्न बनवणं, साठवणं, विकणं, वाटणं हे सगळं तिच्यात येतं. म्हणूनच गणेशोत्सवात महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनाही अन्न व औषध प्रशासन नोंदणीचं आवाहन करतं. लहान उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, नोंदणीतून नाही. ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी आणि त्यावर परवाना अशी रेषा आखली. अशा मर्यादा आणि शुल्क सरकार बदलू शकतं, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडाच खरा धरावा.

दुसरी समजूत खिशाला चाट लावते: एजंटशिवाय काम होत नाही आणि हजारो रुपये लागतात. त्याच २०११ च्या नियमांत नोंदणीचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये ठरलं होतं. २०२० पासून अर्ज ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर होतात. नोंदणीसाठी मुख्यतः फोटो, ओळखपत्र, पत्ता आणि व्यवसायाची माहिती एवढंच लागतं. जमत नसेल तर कुणाची मदत जरूर घ्या, पण अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. तिथे एजंटचा नंबर असला, तर पुढे येणारी प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते आणि त्रुटीचं पत्र आलं होतं हेही आपल्याला कळत नाही.

गुमास्ता किंवा उद्यम प्रमाणपत्र असलं की पुरतं, असंही नाही. ती नोंद धंद्याची झाली, अन्नाची नव्हे. अन्नाचा परवाना महापालिकेकडे मागून मिळत नाही. तो विषय राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा आहे आणि त्याचं कार्यालय ठाण्यात आहे.

आता सगळ्यात घातक गैरसमजाकडे येऊ. पाकिटावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न प्राधिकरणाचा १४ अंकी नंबर दिसला की सरकारनं माल तपासून पास केला, असं ग्राहकाला वाटतं आणि बनवणाऱ्यालाही. त्या नंबरचा पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. राज्य पातळीवरच्या नंबरात पुढचे १५ हे दोन अंक महाराष्ट्राचे आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. एवढंच. हा माल कुणाचा आणि काही झालं तर जबाबदार कोण, हे तो सांगतो. चिवडा चांगला की वाईट, हे सांगत नाही. आयएसओ २२००० किंवा हॅसेप ही प्रमाणपत्रं आणखी वेगळी, प्रमाणन संस्थांकडून मिळणारी. डबेवाल्या ताईंनी आधी त्यांच्यामागे धावायचं कारण नाही.

खरं काम त्या २०११ च्या नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये आहे. स्वच्छतेच्या सगळ्या अटी तिथे दिल्या आहेत आणि माझ्या मते त्यांत पहिला नंबर पाण्याचा. कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांचा पट्टा असो की ठाण्यातलं दिवा, नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवणं तिथे नवं नाही. टँकर नक्की कुठे भरला, सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, हे क्वचितच कुणी विचारतं. उत्पादनाचा परवाना घेताना पाण्याचा तपासणी अहवाल मागतात. छोट्या नोंदणीत तो मागितला नाही, तरी जबाबदारी टळत नाही. पोळी तव्यावर भाजली जाते, भाजी उकळते. ओल्या खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर, ताक यांना मात्र आच लागत नाही. पाण्यात जे असेल ते तसंच डब्यात उतरतं. पावसाळ्यात तर या पदार्थांसाठी उकळून गार केलेलंच पाणी वापरायला हवं.

स्वयंपाक करणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, हेही त्याच परिशिष्टात आहे. हाताला जखम किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी मदतनीसाला अन्नाला हात लावू देऊ नये, आणि त्यासाठी तिची मजुरी कापू नये, नाहीतर ती आजार लपवील. तळणाचं तेल परत परत वापरू नये. तेल तापत राहिलं की त्यात वाढणारी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेली की ते तेल बाद, असा नियम २०१८ पासून आहे. वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून देणं पॅकेजिंगच्या नियमांनी बंद केलं आहे, तरी गाड्यांवर ते चालूच आहे. शाई पोटात जाते, हे गिऱ्हाइकानंच ठामपणे सांगायला हवं.

एक कागद सगळ्या जागांना चालत नाही. फ्लॅटमधून एमआयडीसीतल्या गाळ्यात गेलात, तर नव्या जागेची नोंद वेगळी. कल्याणला भटारखाना आणि ठाण्यात काउंटर असेल, तर दोन्हींची हवी. परवानाधारक उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरणही भरावं लागतं. पाकिटबंद मालावर घटक, निव्वळ वजन, तारखा आणि शाकाहारी असेल तर हिरवी खूण लागतेच.

फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताईंना एवढीच विनंती: दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून भरा आणि त्याच आठवड्यात आपल्या घरातलं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.