वीस बोटांची काठी



लहान मुलांस विज्ञान शिकवावयाचें म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें काचेच्या नळ्या आणि किंमती उपकरणें उभीं राहतात. मी आज आपणांशीं बोलणार आहें तें केवळ एका काठीविषयीं. आपल्या ज्योतिषग्रंथांत हिलाच शंकु म्हटलें आहे.

काठी मुलाच्याच बोटांनीं मोजून वीस बोटें घ्यावी व गच्चीवर ओळंब्यानें ताठ उभी करावी. सकाळीं दहापासून दर अर्ध्या तासानें मुलानें सावलीच्या टोंकाशीं एक खडा ठेवावा. सूर्याकडे मात्र त्यास पाहूं देऊं नये. आपण मध्येंच कांहीं सांगूंही नये. खरी कसोटी लागते ती येथें, आणि ती मुलाची नव्हे! अडीच वाजेपर्यंत खड्यांची रांग तयार होते, आणि सर्वांत आखूड सावली बारांच्या खड्यापाशीं नसून साडेबारांच्या आसपास आहे, हें सात वर्षांचें मूलही बोट ठेवून दाखवितें. कारण आपलें घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचें, आणि नाशिक त्याच्या पश्चिमेस पावणेनऊ अंशांवर. अंशास चार मिनिटें धरलीं तर सुमारें पस्तीस मिनिटें होतात. ऋतुमानानें त्यांत पंधरा मिनिटांपर्यंत कमीअधिक होतें.

मीं स्वतः हें फार उशिरां पाहिलें. तीस वर्षांपूर्वीं, डिसेंबर महिन्यांत, दुसरीच्या वर्गांत मीं विचारलें, “भर दुपारीं सूर्य कोठें असतो?” एका मुलानें डोक्यावर बोट न दाखवितां दक्षिणेकडील खिडकीकडे दाखविलें. “चूक! डोक्यावर,” असें मीं सांगितलें. वर्ग हंसला. त्या मुलानें त्या वर्षीं पुन्हां हात वर केला नाहीं. निवृत्तीनंतर नातीसाठीं काठी उभारली, तेव्हां २२ डिसेंबरच्या मध्यान्हीं सावली एकोणीस बोटें भरली. सूर्य जेमतेम सत्तेचाळीस अंश वर होता. मुलगा बरोबर होता.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य मात्र उत्तरेस साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. म्हणून मार्चच्या एकविसाव्या तारखेस सात बोटांहून थोडी अधिक असलेली सावली २० मेच्या सुमारास अगदीं नाहींशी होते, आणि नंतर काठीच्या दक्षिणेस पडूं लागते! जुलैच्या तेवीस-चोवीस तारखेस ती पुन्हां लोपते. पण तेव्हां ऊन मिळणें कठीण.

गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरास काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस, व पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, शिंपले, बिया, पानें, खडे यांवरच बालशिक्षण चालवून दाखविलें. महाग साधनांची सबब तेव्हांच निकालांत निघाली होती. आपल्या शहरी घरांतून ती अद्याप ऐकूं येते, याचें मला नवल वाटतें.

काठी गच्चीवर अजून उभी आहे. ३१ मेच्या दुपारीं नातीनें दक्षिणेस अर्ध्या बोटाहून किंचित् अधिक सावली मोजली आणि तीनदां खालीं येऊन मला बोलाविलें. २१ जूनला ती एक बोटाहून थोडी मोठी दिसावयास हवी. पण तिच्या वहींतील ती जागा दोन वर्षें कोरीच आहे. दोन्ही वेळां आभाळ भरलेलें होतें.