मुसलमान राष्ट्रांचें ऐक्य आणि पॅलेस्टाईनचा प्रश्न

वर्तमानपत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस एक बातमी वारंवार पडते. अमुक देशाच्या पार्लमेंटानें पॅलेस्टाईनच्या प्रजेस पाठिंबा देणारा ठराव संमत केला. अमुक शहरीं मुसलमान राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व त्यांनीं आपलें ऐक्य पुन्हां जाहीर केलें. या ठरावांनीं प्रत्यक्ष होतें तरी काय, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर ‘सर्व कांहीं’ असेंही नाहीं आणि ‘कांहींच नाहीं’ असेंही नाहीं. तें नीट समजण्यास प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे व मग ठराव म्हणजे काय याचा विचार केला पाहिजे.

पॅलेस्टाईन हा देश सुमारें चारशें वर्षें तुर्की साम्राज्यांत होता. पहिल्या महायुद्धांत, १९१७ च्या डिसेंबरांत, इंग्रजी सैन्यानें यरुशलेम शहर घेतलें. त्याच्या महिनाभर आधीं इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनीं एका पत्रानें असें कळविलें होतें कीं, त्या भूमींत यहुदी लोकांसाठीं राष्ट्रीय वसतिस्थान व्हावें यास इंग्रज सरकार अनुकूल आहे. देशांतील बहुसंख्य रहिवासी मात्र अरब होते. १९२२ च्या खानेसुमारींत सुमारें साडेसात लाख लोक नोंदले गेले. त्यांत मुसलमान ५ लाख ९० हजारांच्या आसपास, यहुदी सुमारें ८४ हजार व ख्रिस्ती ७० हजारांहून अधिक होते. पुढें यूरोपांत यहुदी लोकांचा जो अमानुष छळ व संहार झाला, त्यामुळें आश्रयार्थ येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. एका पीडित प्रजेस घर मिळालें पाहिजे हें खरें. परंतु त्यासाठीं दुसऱ्या प्रजेनें आपलें घर कां सोडावें? सारा कलह या एका प्रश्नांत सांठविलेला आहे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें या देशाची फाळणी करून एक यहुदी व एक अरब अशीं दोन राज्यें करावीं, अशी शिफारस केली. बाजूनें ३३ मतें पडलीं, विरुद्ध १३ पडलीं, व १० राष्ट्रें तटस्थ राहिलीं. विरुद्ध पडलेल्या तेरा मतांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. त्यांपैकीं दहा मतें अरब व मुसलमान राष्ट्रांचीं होतीं. उरलेलीं तीन क्यूबा, ग्रीस आणि आपला हिंदुस्थान यांचीं होतीं. आपणांस स्वतंत्र होऊन तेव्हां पुरते चार महिनेही झाले नव्हते आणि आपल्या स्वतःच्या फाळणीची जखम वाहत होती. म्हणजे पॅलेस्टाईनच्या अरबांस मिळालेला पाठिंबा पहिल्या दिवसापासून केवळ एका धर्माचा नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें व युद्ध पेटलें. त्यांत सात लाखांहून अधिक अरब आपल्या गांवांस व घरांस मुकले. त्यांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय लावण्यासाठीं राष्ट्रसंघानें १९४९ च्या डिसेंबरांत एक स्वतंत्र साहाय्यसंस्था काढली. तिच्या पटावर पुढें मुलें, नातवंडें व पतवंडें मिळून ५० लाखांहून अधिक निर्वासितांचीं नांवें चढलीं.

आतां मुसलमान राष्ट्रांच्या ऐक्याकडे वळूं. २२ मार्च १९४५ रोजीं कैरो येथें अरब लीग स्थापन झाली, तेव्हां तिच्या करारास पॅलेस्टाईनसंबंधीं एक खास पुरवणी जोडलेली होती. परंतु ही संस्था अरबांपुरती होती. त्याहून मोठें ऐक्य एका आगीनें घडविलें. १९६७ च्या युद्धांत इस्रायलनें पूर्व यरुशलेम, जॉर्डन नदीचा पश्चिम तीर व गाझा हे प्रदेश जिंकून घेतले. पुढें २१ ऑगस्ट १९६९ रोजीं एका ऑस्ट्रेलियन माथेफिरूनें यरुशलेमच्या अल्-अक्सा मशिदीस आग लाविली. साऱ्या मुसलमान जगतांत क्षोभ उसळला आणि पुढच्याच महिन्यांत मोरोक्कोची राजधानी राबात येथें मुसलमान राष्ट्रांचे प्रमुख एकत्र जमले. त्या परिषदेंतून इस्लामी सहकार्य संघटना उदयास आली. तिचीं ५७ राष्ट्रें सभासद असून कचेरी सौदी अरबस्तानांतील जिद्दा शहरीं आहे. मात्र ही जागा तात्पुरती असून खरें ठाणें यरुशलेम होय, असें तिनें आपल्या घटनेंतच लिहून ठेविलें आहे.

या राबात परिषदेशीं आपल्या देशाचाही संबंध आला. कोट्यवधि मुसलमान नागरिकांचा देश म्हणून हिंदुस्थानास निमंत्रण गेलें व फक्रुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखालीं आपलें शिष्टमंडळ तेथें पोहोंचलें. परंतु पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनीं हरकत घेतल्यामुळें त्यास पुढील बैठकींस बसतां आलें नाहीं. ऐक्याच्या पहिल्याच सभेंत दोन शेजाऱ्यांचें वैर आड आलें, ही गोष्ट बोधप्रद आहे. एवढें होऊनही हिंदुस्थाननें पॅलेस्टाईनविषयींचें आपलें धोरण रागानें बदललें नाहीं. १९८८ च्या नोव्हेंबरांत पॅलेस्टाईनचें राज्य जाहीर होतांच त्यास मान्यता देणाऱ्या पहिल्या राष्ट्रांत आपण होतों.

सरकारांच्या या संघटनेखेरीज पार्लमेंटांचे निराळे संघ आहेत. मुसलमान राष्ट्रांच्या पार्लमेंटांचा संघ १९९९ च्या जूनमध्यें तेहरान येथें स्थापन झाला, व पॅलेस्टाईनचा विचार करण्यासाठीं त्याची एक खास समिति आहे. साऱ्या जगांतील पार्लमेंटांचा संघ तर १८८९ पासूनचा. त्यानें २००८ सालीं पॅलेस्टाईनच्या कायदेमंडळास पूर्ण सभासदत्व दिलें. सरकारें असतां पार्लमेंटांनीं वेगळें कां बोलावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, सरकार तहानें, व्यापारानें व शस्त्रांच्या करारांनीं बांधलेलें असतें. सभासद हा मतदारांस बांधलेला असतो. जॉर्डनच्या सरकारानें १९९४ सालीं इस्रायलशीं तह केला. तरी २०१३ सालीं तेथील प्रतिनिधिगृहानें इस्रायलच्या वकिलास देशाबाहेर घालवावें अशी मागणी केली. वकील गेला नाहीं. परंतु प्रजेचें मन कोणीकडे आहे हें सरकारास कळून चुकलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ठराव आणि कायदा यांत भेद आहे. समजा, शाळेच्या वादविवाद मंडळानें बहुमतानें ठरविलें कीं, शनिवारचा शेवटचा तास खेळास द्यावा. एवढ्यानें वेळापत्रक बदलत नाहीं. तें मुख्याध्यापकांच्या सहीनें बदलतें. पण मंडळाच्या वहींत नोंद राहते, आणि पुढें कोणास ‘असें कोणीं मागितलेंच नव्हतें’ असें म्हणतां येत नाहीं. पार्लमेंटाचा ठराव बहुधा असाच असतो. कायदा मात्र लगेच हात घालतो. २८ ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २८ ऑक्टोबर २०२४ रोजीं इस्रायलच्या पार्लमेंटानें दोन कायदे करून वर सांगितलेल्या निर्वासित-साहाय्यसंस्थेस आपल्या हद्दींत काम करण्याची बंदी केली. अनेक देशांच्या सहानुभूतीच्या ठरावांस हे दोन कायदे थांबवितां आले नाहींत.

मुसलमान राष्ट्रांतही हा भेद दिसतो. इराकच्या पार्लमेंटानें २६ मे २०२२ रोजीं इस्रायलशीं संबंध जोडणें हा गुन्हा ठरविणारा कायदा संमत केला. ट्युनिसच्या पार्लमेंटांत तशाच कायद्याची चर्चा २०२३ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. पण त्यानें देशाच्या सुरक्षिततेस बाध येईल असें राष्ट्राध्यक्षांचें मत पडलें व तो मसुदा अडकून पडला. भावना दोहींकडे एकच; परिणाम निराळे.

मग ठराव व्यर्थ म्हणावे काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. १३ ऑक्टोबर २०१४ रोजीं इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सनें पॅलेस्टाईनच्या राज्यास मान्यता द्यावी असा ठराव २७४ विरुद्ध १२ मतांनीं केला. सभागृहांतील निम्म्याहून अधिक सभासद मतदानास आलेच नव्हते, आणि सरकारानें तो ठराव बाजूस ठेविला. पण सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच देशाच्या सरकारानें ती मान्यता दिली. स्पेनच्या पार्लमेंटाचा ठराव २०१४ च्या नोव्हेंबरांतला, सरकारची मान्यता २८ मे २०२४ ची. एकीकडे अकरा वर्षें लागलीं, दुसरीकडे साडेनऊ. मान्यतेस इतर कारणेंही होतीं. तरी ठरावानें जी वाट आंखली होती, तिच्यावरूनच सरकार शेवटीं चाललें. दुःख एवढेंच कीं, ज्याच्या घराचें छप्पर आज उडालें आहे, त्यास दहा वर्षें वाट पाहण्यास सांगणें फार कठीण असतें.

ऐक्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९७३ च्या युद्धांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा तोडला, तेव्हां त्यांच्या एकजुटीचा दणका साऱ्या जगास बसला, आणि महाग रॉकेलाच्या रूपानें तो आपल्या घरांतही जाणवला. परंतु पुढें इजिप्तनें १९७९ सालीं इस्रायलशीं स्वतंत्र तह केला. त्याबद्दल अरब लीगनें व इस्लामी संघटनेनें त्यास कांहीं वर्षें बाहेर ठेविलें; १९८४ सालीं एकीनें व १९८९ सालीं दुसरीनें तें पुन्हां घेतलें. तह मात्र मोडला नाहीं. २०२० सालीं संयुक्त अरब अमीरात व बहरीन यांनींही तसाच मार्ग धरिला. धर्म एक असला तरी प्रत्येक राष्ट्राची सरहद्द, तिजोरी व भीति वेगळी असते. ख्रिस्ती राष्ट्रांचा इतिहासही याहून निराळा नाहीं. एकाच प्रभूचें नांव घेणाऱ्या यूरोपनें दोन महायुद्धें लढलीं.

येथें एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पॅलेस्टाईनची प्रजा म्हणजे केवळ मुसलमान नव्हे. ज्या बेथलेहेमचें नांव आमचीं मुलें नाताळांत गातात, तेथें अरबी बोलणारीं ख्रिस्ती कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत, आणि गाझा शहरांतही त्यांचीं जुनीं देवळें आहेत. त्याचप्रमाणें एखाद्या प्रजेस पाठिंबा देणें म्हणजे तिच्या नांवानें केलेल्या प्रत्येक कृत्यास संमति देणें नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमधील सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं व अडीचशेंच्या आसपास पळवून नेलीं गेलीं. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या युद्धांत गाझामध्यें, तेथील आरोग्यखात्याच्या मोजणीप्रमाणें, ६० हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत हजारों मुलें होतीं. एका बाजूच्या आईचे अश्रु खरे व दुसरीचे खोटे, असें ज्यास वाटतें त्यानें न्यायाचा पहिला धडा पुन्हां गिरवावा.

शेवटीं ज्या गोष्टीचा ठरावांच्या बातम्यांत क्वचित् उल्लेख येतो, ती सांगतों. पॅलेस्टाईनच्या लोकांचें स्वतःचें एक कायदेमंडळ होतें. त्याची पहिली निवडणूक १९९६ सालीं झाली व दुसरी २००६ च्या जानेवारींत. दुसऱ्या निवडणुकींत हमास पक्षास १३२ पैकीं ७४ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षीं हमास व फतह या दोन पक्षांत यादवी माजली. गाझा एकाकडे व पश्चिम तीर दुसऱ्याकडे गेला, आणि कायदेमंडळाचें काम बंद पडलें. २०१८ सालीं तें विसर्जितही करण्यांत आलें. गाझांतील त्याची इमारत २०२३ च्या नोव्हेंबरांत इस्रायली सैन्यानें उध्वस्त केली. २०२१ सालीं ठरलेली निवडणूक लांबणीवर पडली, आणि २०२५ साल संपेपर्यंत तिसरी निवडणूक झाली नव्हती. म्हणजे १९८८ च्या जानेवारीनंतर जन्मलेल्या कोणाही पॅलेस्टाईनवासीयास आपल्या कायदेमंडळासाठीं एकदांही मत देतां आलें नाहीं. त्यांतील कित्येक आज स्वतः शाळकरी मुलांचे आईबाप आहेत.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं, आणि वडील मंडळींनींही, यापुढें अशी बातमी वाचतांना तीन गोष्टी पाहाव्या. हा ठराव आहे कीं कायदा? बोलणाऱ्यानें स्वतःच्या अंगास कांहीं तोशीस लावून घेतली आहे काय? आणि ज्यांच्यासाठीं तो बोलला, त्यांना स्वतः बोलण्यास जागा मिळाली काय? बाहेरच्या मित्रांचें ऐक्य मोलाचें खरेंच; परंतु ज्या दिवशीं पॅलेस्टाईनचे लोक आपसांतील दुही मिटवून आपल्याच सभागृहांत, आपणच निवडलेल्या सभासदांच्या तोंडून आपला ठराव मांडतील, त्या दिवशीं या सर्व पार्लमेंटांच्या ठरावांचें चीज झालें असें आम्ही म्हणूं.