नडगीत रॉड कुठे बसतो?



कापसाच्या दिवसांत बोदवडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-टेम्पोची गर्दी वाढते, आणि कुणी दुचाकीवरून पडून नडगी मोडल्याचंही कानावर येतं. मग घरात एकच वाक्य, ‘डॉक्टरांनी रॉड टाकायला सांगितलाय.’ तो रॉड आत कसा बसतो, हे आज आम्ही सांगतो.

मटणाच्या नळीसारखं आपलं हाडही आतून पोकळ. रॉड, डॉक्टरांच्या भाषेत नेल, त्या पोकळीतून गुडघ्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत जातो. नडगीवर पुढून नुसती कातडी, मांस नाही. म्हणून बाहेरून पट्टी बसवण्यापेक्षा हा आतला आधार पुष्कळदा बरा पडतो.

१९३९ साली जर्मनीत गेरहार्ड क्युंट्शर या सर्जनने असा रॉड मांडीच्या हाडात बसवला. नडगीत अडचण अशी, की पोकळीच्या अगदी वर गुडघ्याचा सांधा येतो. म्हणून सांध्याच्या पुढच्या कडेशी भोक पाडतात, आणि रॉडही वरच्या टोकाला थोडा वाकवलेला असतो. खरं कसब त्या भोकात आहे. हाड गुडघ्याजवळ मोडलं असेल, तर तिथली पोकळी रुंद असते आणि रॉड ढिला पडतो. भोक जरा आतल्या बाजूला पडलं, तरी पाय गुडघ्याखाली बाहेर कलतो. घोट्याजवळही तसंच; रॉडचं टोक हाडाच्या मधोमध हवं. कुदळीचा दांडा तिरपा ठोकला तर कुदळ सरळ पडेल का? म्हणून सर्जन सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर समोरून आणि बाजूने बघत रॉड घालतात, मग वर-खाली आडवे स्क्रू मारून तो पक्का करतात.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही बाजूंनी काढलेला असावा. तो दाखवून विचारा: टोक मधोमध आहे ना? वरचं टोक हाडाबाहेर आलेलं नाही ना? ते बाहेर राहिलं तर गुडघा जास्त दुखतो. रॉड नीट बसूनही निंदणीला उकिडवं बसताना, गुडघे टेकताना अनेकींना दुखतं, हेही आधीच माहीत असू द्या. पाय वळून जुळलाय का हे एक्स-रेत चटकन कळत नाही. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या वर करून झोपवा आणि पावलं शेजारी शेजारी बघा. पाय टेकवायचा कधी, हे मात्र सर्जनच सांगतील. शेजारणीचा हिशेब लावू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि पाय मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर पोटरी दगडासारखी घट्ट झाली, बोटं हलवली की कळ मस्तकात गेली, बोटं बधिर पडली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सबाईंना उठवा.