भाकर आणि जीवनाची भाकर : पंडिता रमाबाईंच्या लेखनातील भूक

आध्यात्मिक ओढीला 'भूक' म्हणणे ही बहुतेक भक्तिपरंपरांची समान रीत आहे. रूपक रूढ झाले की त्यातील मूळ वस्तू विसरली जाते आणि भूक म्हणजे केवळ आत्म्याची तळमळ, असे मानले जाऊ लागते. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आत्मपर लेखनात मात्र ही विस्मृती संभवत नाही. त्यांच्या आध्यात्मिक भुकेमागे प्रत्यक्ष उपासमारीची स्मृती उभी आहे. या दोन भुकांचा संबंध लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेचा अर्थ पुरेसा उलगडत नाही.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थाटन करणारे होते. १८७०च्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या काळाच्या अंतराने मृत्यू पावली. मागे उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास रानातील पाला व बोरे खाऊन पायी हिंडत राहिले. मध्य प्रांतात १८९६–९७चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्यांतील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. मरणासन्न आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यास त्या शेजारच्या घरी गेल्या. पण मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना. भाकर मिळाली, परंतु ती खाण्याची शक्ती आईच्या अंगी उरली नव्हती. विद्वान घराण्यातील कन्येला शास्त्रे मुखोद्गत होती. भाकर मागण्याची भाषा मात्र तिला ठाऊक नव्हती.

हे लेखन इंग्रजीत असल्यामुळे त्यातील बाजरीची भाकर आणि बायबलमधील 'ब्रेड' यांचे नाते इंग्रजी वाचकाच्या कानाला जाणवेलच असे नाही. मराठीत ते नाते शब्दातच आहे. प्रचलित मराठी बायबलने गव्हाच्या किंवा जवाच्या, भट्टीत भाजलेल्या पॅलेस्टाइनी रोटीसाठी 'भाकर' हा शब्द स्वीकारला आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातील ख्रिस्ताचे आत्मनिवेदन 'जीवनाची भाकर' या शब्दांत मराठीत आले. तव्यावरची, गरिबाच्या घरची, रोजची वस्तू धर्मवाङ्मयात आली. अनुवादाने येथे अर्थ केवळ वाहून नेला नाही; त्याला नवे सामाजिक स्थान दिले.

योहानाचा तो अध्याय या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. पाच भाकरींनी पाच हजारांना जेवू घातल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी जवाच्या, म्हणजे हलक्या धान्याच्या, होत्या हे केवळ योहान सांगतो. दुसऱ्या दिवशी लोक ख्रिस्ताला शोधीत येतात, तेव्हा ते पोट भरले म्हणून आले आहेत, असे तो त्यांना स्पष्टपणे सुनावतो. भाकरीसाठी जवळ आलेल्या श्रद्धेविषयीचा संशय हा टीकाकारांचा शोध नव्हे. तो मूळ संहितेतच आहे. तरीही अन्न आधी दिले जाते आणि प्रश्न नंतर येतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

रमाबाईंच्या कार्याभोवती हाच संशय सतत घोटाळत होता. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन १८९३ साली धर्मांतराच्या आरोपाने ग्रासले गेले, न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुष्काळग्रस्त मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आल्यावर प्रश्न अधिकच टोकदार झाला. भुकेल्याला अन्न देणाऱ्याच्या धर्माचा स्वीकार हा स्वेच्छेचा स्वीकार म्हणता येईल काय? आश्रित आणि आश्रयदाता यांतील विषमता नाकारून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, आणि रमाबाईंच्या थोरवीने तो आपोआप सुटतही नाही.

त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र 'अन्नासाठी धर्म' हे सूत्र लागू पडत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा उपासमारीचे दिवस मागे पडले होते. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या उपाधी लाभल्या होत्या. त्याहून महत्त्वाची बाब १९०७च्या त्यांच्या आत्मनिवेदनात आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असा भेद त्या करतात. मनाचे समाधान सुमारे आठ वर्षांनंतर लाभल्याचे त्या सांगतात. धर्मांतर हा त्यांच्या कथेचा शेवट नव्हता. ताट वाढले गेले होते, पण भूक शमली नव्हती, असेच या मधल्या काळाचे वर्णन करावे लागेल.

ना. वा. टिळकांशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्ताकडे जाण्याचा मार्ग तुकोबांवरून जातो असे मानले. त्यांच्या काव्यातील ओढ ही आईसाठी आसुसलेल्या लेकराची, वारकरी वळणाची ओढ आहे. रमाबाईंना परंपरेचा असा पूल मिळाला नाही. पुराणे सांगत हिंडणारे त्यांचे घर त्या परंपरेच्या आश्रयानेच जगत होते आणि उपाशी मरत होते. त्यामुळे टिळकांच्या तृप्तीत सातत्य आहे, तर रमाबाईंच्या तृप्तीत विच्छेदाची वेदना आहे.

ही तृप्ती चिरस्थायी कशी ठरली, याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या कार्यात शोधावे लागते. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद केला. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळवून तो छापला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्यांना एकेकाळी अन्न देऊन वाचविले, त्यांच्या हाती आता ग्रंथ आला. तो वाचण्याची, म्हणजेच स्वतःचे मत बनविण्याची, साधनेही आली. आश्रयातील विषमतेवर यापेक्षा अधिक प्रामाणिक उत्तर त्या काळी क्वचितच कोणी दिले असेल. शेजारणीच्या दारात जिला शब्द सापडला नव्हता, तिने आयुष्याच्या अखेरीस इतरांसाठी शब्द तयार ठेवले. रमाबाईंच्या लेखनातील 'जीवनाची भाकर' समजून घ्यायची, तर आईला खाता न आलेला बाजरीच्या भाकरीचा तो तुकडा दृष्टीआड करून चालणार नाही.