रोल्लाच्या इमारतींतील सांडपाण्याचे पाइप : गळतीचे निदान आणि दुरुस्ती

शारजा शहरातील रोल्ला हा भाग तेथील चौकातल्या जुन्या वटवृक्षावरून ओळखला जातो. तो वृक्ष १९७८ मध्ये नष्ट झाला, परंतु बाजाराची वर्दळ तशीच राहिली आणि भोवती भाड्याने राहणाऱ्या भारतीय व इतर आशियाई कुटुंबांच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतीत एकावर एक असलेली स्वयंपाकघरे व न्हाणीघरे एकाच उभ्या पाइपला जोडलेली असतात. त्यामुळे वरच्या घरातील सैल सांधा खालच्या घराच्या छतावर डाग होऊन प्रकट होतो, आणि ज्याच्याकडे दोष आहे व ज्याचे नुकसान होते ती बहुधा वेगवेगळी माणसे असतात. दुरुस्तीचा अधिकार तर घरमालकाच्या किंवा इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे तिसऱ्याच कोणाच्या हाती असतो. अशा स्थितीत भाडेकरूने नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, नुसते ‘पाणी गळते’ एवढेच सांगितले तर रंगाचा एक हात फिरवून प्रकरण मिटवले जाते. पाणी केव्हा, कोणत्या वापरानंतर व कोठे दिसते हे नेमके सांगितले तर प्लंबरला भिंत योग्य जागी उघडता येते.

यासाठी रचनेची थोडी ओळख हवी. मोरीतल्या जाळीखाली किंवा बेसिनखाली पाइपला जो बाक दिलेला असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते आणि गटारातील वायूंची वाट अडवते. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपातील बाकदार नळीचेच हे तत्त्व आहे. उभ्या पाइपचे वरचे टोक गच्चीवर उघडे ठेवलेले असते, ते हवा खेळती राहून ट्रॅपमधील पाणी ओढले जाऊ नये म्हणून. आखाती शहरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब महिना-दीड महिना गावी गेले की हे पाणी आटते, परतल्यावर घरभर दुर्गंधी व झुरळे आढळतात आणि पाइप फुटल्याचा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतले की हा दोष नाहीसा होतो, आणि निघण्यापूर्वी त्या पाण्यावर थोडे खाद्यतेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते. या गोष्टीला क्षुल्लक मानू नये. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप व सांडपाण्याच्या व्यवस्थेतील तडा गेलेला हवेचा पाइप ही प्रसाराची संभाव्य कारणे म्हणून पुढे आली.

खरी गळती ओळखताना पाण्याची वेळ पाहणे सर्वांत उपयोगी ठरते. पिण्याच्या पाण्याचा पाइप सतत दाबाखाली असल्याने त्याची गळती रात्रंदिवस चालू राहते आणि घरातील सर्व तोट्या बंद असतानाही मीटरचा काटा सरकत राहतो. सांडपाण्याची गळती मात्र कोणी अंघोळ केली किंवा भांडी घासली की वाढते, मग ओसरते, आणि तिला साबणाचा वा कुजट वास असतो. तिसरा प्रकार आखातात फार आढळतो व फार फसवतो : दमट ऑगस्टमध्ये वातानुकूलन यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, आणि ते वाहून नेणारी बारीक नळी बुळबुळीत शेवाळाने तुंबली की भिंत भिजू लागते. हे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते आणि यंत्र बंद ठेवल्यावर डाग हळूहळू वाळतो. याखेरीज फुगलेला गिलावा, रंगाचे पोपडे, भिंतीला लागलेला लोणा, फरशीच्या सांध्यांचा काळपटपणा आणि सिंक रिकामे होताना येणारा गुडगुड आवाज ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. मात्र पाणी स्लॅबमधून आडवे सरकत जाऊन सोयीच्या ठिकाणी बाहेर पडते, त्यामुळे डागाच्या नेमके वर दोष असेलच असे नाही.

पाइप खराब होण्याची कारणे रोल्लाच्या हवामानाशी जोडलेली आहेत. प्लास्टिकच्या यूपीव्हीसी पाइपची लांबी दर मीटरला दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. गच्चीवर तीन मीटरचा तुकडा रात्रीपेक्षा दुपारी ४० अंशांनी तापला तर तो जवळपास आठ मिलिमीटर लांबतो, आणि ही हालचाल सामावून घेणारा रबरी रिंगेचा सांधा नसेल तर ताण चिकटवलेल्या जोडांवर येऊन ते उकलतात. शिवाय उन्हातील अतिनील किरणांनी हे प्लास्टिक ठिसूळ होते. या पाइपना साधारण ६० अंशांपलीकडचे तापमान सतत मानवत नाही, म्हणून भाताचे उकळते पाणी थेट सिंकमध्ये ओतण्याची सवय टाळणे श्रेयस्कर. जुन्या बिडाच्या पाइपांचे दुखणे निराळे असते : उष्ण हवेत साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, पाण्याच्या पातळीवरील ओलसर पृष्ठभागावर जीवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात, आणि आडवा पाइप तळाऐवजी माथ्यावर झिजत जातो. बाहेरून रंगवलेला असा पाइप धडधाकट दिसतो, पण हलक्या हाताने ठोकल्यावर त्याचा आवाज बद्द येतो.

पावसाळी पाइपांकडे या कोरड्या प्रदेशात कोणी पाहत नाही, आणि धूळ-वाळू त्यांत वर्षानुवर्षे साठत जाते. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातींत १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस झाला. अल ऐनजवळील खत्म अल शकला येथे एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडले आणि शारजातील अनेक वस्त्यांमध्ये ते पुढे कित्येक दिवस साचून राहिले. अशा वेळी भरलेल्या गटारातील पाणी तळमजल्यावरील मोरीतून उलटे वर येऊ शकते. त्याला रोखणारी एकमार्गी झडप बसवलेली असणे तेथे आवश्यक ठरते.

फोडाफोडीपूर्वी दोन साध्या चाचण्या कराव्यात. संशयित सिंकमध्ये किंवा मोरीत खाण्याचा गडद रंग मिसळलेले पाणी सोडून खाली तो रंग उतरतो का ते पाहावे. आणि पाइपऐवजी न्हाणीघराच्या फरशीवर संशय असल्यास जाळी घट्ट बंद करून फरशीवर बोटभर पाणी एक दिवस साठवावे. खाली ओल वाढली तर जलरोधक थर गेलेला आहे. ती वाढली नाही पण जाळी उघडून पाणी सोडताच गळू लागले तर दोष पाइपात आहे. निदान झाल्यावर सिंकखालची सैल नट-रिंग घरीच बदलता येते. उघड्या पाइपवरील बारीक चिरेला एपॉक्सीची लुगदी चालते, तीही पृष्ठभाग वाळवून व घासून लावली तरच, आणि तिला तात्पुरता उपाय समजावे. तुटलेला भाग कापून नवा तुकडा कपलरने जोडणे हाच टिकाऊ मार्ग होय. त्या वेळी १०० मिलिमीटरच्या आडव्या पाइपला सुमारे ४० मीटरमागे एक मीटर उतार मिळतो की नाही हे तपासून घ्यावे, कारण उतार चुकल्यास नवा पाइपही तुंबतो. जमिनीखालील पाइपसाठी एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये वापरलेली पद्धत उपलब्ध आहे : राळेत भिजवलेली मऊ नळी जुन्या पाइपात सरकवून फुगवतात व कडक होऊ देतात, त्यामुळे खोदकाम टळते. तुंबलेल्या पाइपात कॉस्टिक सोडा भरमसाट ओतू नये, कारण पाण्यात मिसळल्यावर तो उष्णता निर्माण करतो व प्लास्टिक नरमते. आम्ल आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

खर्च कोणी सोसायचा, यावर महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी दिलेले उत्तर सरळ आहे : बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने, संडास-सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करावी. अमिरातींत मात्र भाडेकायदा प्रत्येक अमिरातीचा वेगळा आहे. दुबईचा २००७ चा कायदा क्रमांक २६ वेगळा करार नसल्यास देखभाल घरमालकावर सोपवतो, आणि शारजातील भाडेकरूने आपल्या करारातील देखभालीचे कलम सही करण्यापूर्वीच वाचून घ्यावे. तक्रार लेखी, तारखेसह व डागाच्या छायाचित्रांसह दिली तर टाळाटाळीला जागा उरत नाही. काम झाल्यावर डक्ट, म्हणजे उभ्या पाइपांची पोकळी, किंवा भिंत लगेच बंद करू देऊ नये. वरच्या मजल्यांचा एक दिवसाचा नेहमीचा वापर होऊ द्यावा, प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून पाहावा, आणि भिंत पूर्ण वाळायला काही आठवडे देऊन, लोणा कोरड्या ब्रशने झाडूनच नवा गिलावा व रंग करावा.